तिसरा रकाना

कटिंग मास्तर त्या रात्री चौथ्यांदा उठले तेव्हा बायको अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, एक काम करा. उशी-पांघरूण घेऊन तिकडेच झोपा. येण्याजाण्याचे कष्ट तरी वाचतील."

पलंगाची कड, कपाटाची मूठ, दाराची चौकट अशी ठरलेली ठिकाणं अंधारात चाचपत मास्तर गॅलरीच्या टोकाला संडासाशी पोचले आणि उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. एवढ्या लांब आल्याचा मान राखावा म्हणून चार थेंब आले आणि संपलं. मास्तर परत आले, पडले आणि छताकडे बघत राहिले. झोप कुठे गेली होती कोण जाणे. ती काही त्यांच्याबरोबर संडासापर्यंत आली नव्हती, एवढं नक्की.

मास्तरांचं वय एकोणसत्तर. सूट-कोट शिवणाऱ्या एकाच दुकानात त्यांनी चव्वेचाळीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी काढली होती. डावखुरे होते. त्यांची कात्री खास डाव्या हातासाठी घडवून घेतलेली, वजनदार, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक. दुकानाच्या मालकाला त्यांनी लंगोटात पाहिलं होतं. तोच मुलगा आता गल्ल्यामागे बसायचा आणि गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचा, "आमचे मास्तर चुकले तर सूर्य पश्चिमेला उगवेल."

रात्रीच्या फेऱ्या वर्षभरापूर्वी सुरू झाल्या. आधी एक, मग दोन, मग तीन. मास्तरांनी हिशेब सरळ केला. पाणी प्यायलंच नाही तर येईल कुठून? दुपारी चारनंतर त्यांनी पाण्याला शिवणं बंद केलं, संध्याकाळचा चहा सोडला, रात्रीची आमटी सोडली. जीभ टाळ्याला चिकटायला लागली, पोट साफ होईना, उठताना डोकं गरगरायला लागलं. फेऱ्या मात्र होत्या तितक्याच राहिल्या. दिवसा मग झोप आपली वसुली करायची. दुपारी जेवणानंतर मास्तर टेबलाशी उभ्या उभ्या पेंगायचे, दोन्ही तळवे कापडावर, मान किंचित खाली. बघणाऱ्याला वाटायचं, मास्तर कापडाचा विचार करतायत. मागच्या खोलीतले कारागीर एकमेकांना गप्प बसायच्या खुणा करायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

ती मूठ तीन आठवड्यांपूर्वी उघडायची, पण उघडली नाही. गोष्ट त्याचीच आहे.

झालं असं की एक निवृत्त शिक्षिका कोटाचं कापड घेऊन आल्या. करड्या रंगाचं, बारीक रेघेचं लोकरी कापड. त्यांच्या यजमानांनी चोवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलं होतं आणि चांगल्या प्रसंगाला शिवू, चांगल्या प्रसंगाला शिवू म्हणत कपाटात जपलं होतं. प्रसंग यायच्या आत ते गेले. आता मुलाला मोठी जागा मिळाली होती आणि बाईंना त्याच्या अंगावर वडिलांचं कापड बघायचं होतं. "असलं आता मिळत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "जपून."

कापड जेमतेम होतं. पुरेसं असलं की दुहेरी घडी घालून कापतात. डावा भाग आणि उजवा भाग आपोआप निघतो, डोकं लागत नाही. कमी असलं की ते एकेरी पसरावं लागतं. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून एक भाग आखायचा, मग नमुना पालथा करून दुसरा आखायचा. पालथा करायला विसरलात की दोन्ही भाग एकाच बाजूचे निघतात, आणि कापडाला सुलट-उलट असल्यावर त्यांचं काहीही करता येत नाही. शिकाऊ माणूस पहिल्या वर्षी ही चूक करतो, बोलणी खातो आणि पुन्हा जन्मात करत नाही.

मास्तरांच्या हाताखाली एक बाई होती. चौतिशीची, बारीक, कमी बोलणारी. मास्तर थोरले म्हणून दुकानात सगळे तिला धाकटी म्हणायचे. सहा वर्षं काज-बटणं केल्यावर दोन वर्षांपूर्वी मास्तरांनीच तिची बोटं ओळखून तिला टेबलाशी घेतलं होतं. तिचा खडू निळा, मास्तरांचा पांढरा. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला आपल्या उस्तादाचा नियम सांगितला होता: खडू कुणाचाही असो, कात्री ज्याच्या हातात, चूक त्याची.

त्या दुपारी धाकटीने निळ्या खडूने कोटाच्या पुढच्या बाजूचा डावा भाग आखला आणि ती तासभर घरी गेली. अर्धांगाने एक बाजू गेलेली सासू घरी होती. तिला जेवू घालायला धाकटी रोज जायची. मास्तरांनी उजवा भाग आखायला नमुना उचलला. मध्ये कधीतरी डोळा लागला असणार. हातात खडू होता, हाताने रेघ मारली, मग कात्री उचलली आणि कापलं. चव्वेचाळीस वर्षांचा हात होता, त्याला माणूस जागा असण्याची गरज नव्हती.

धाकटी परत आली. दोन्ही तुकडे जुळवायला तिने एकमेकांसमोर ठेवले आणि ते जुळेनात. दोन्ही डावे होते. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांची झोप आता पार उडाली होती. त्यांनी टेबलावरचा ब्रश उचलला आणि दोन्ही तुकड्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. निळं गेलं, पांढरंही गेलं.

तेवढ्यात मालक आले. "हे काय? खडू कोणी मारला?"

"मी एकच बाजू मारली होती," धाकटी म्हणाली.

मालकांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर कात्रीच्या खिळ्यात तेलाचा थेंब सोडत होते. तेल त्यांनी सकाळीच घातलं होतं. त्यांनी मान वर केली नाही, तोंडात मिठाची गुळणी धरली आणि तो थेंब खिळ्यात मुरेपर्यंत बघत राहिले.

"मास्तर काही असं करणार नाहीत," मालक म्हणाले. "उद्यापासून काज-बटणाला बस, धाकटी. तिथे कापायची भानगड नाही."

दोन वर्षं एका वाक्यात गेली. धाकटीने निळा खडू टेबलाच्या खणात ठेवला आणि ती मागच्या खोलीत गेली. मास्तरांनी ते दोन डावे तुकडे घडी करून टेबलाखालच्या फळीवर सारले.

त्या रात्री मास्तर सहा वेळा उठले.

तीन आठवडे हे चालल्यावर बायकोने त्यांना दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण प्रश्न नेमके विचारायची. लघवी तपासली, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. मग तिने मास्तरांच्या हातात रेघा आखलेला एक प्लॅस्टिकचा मग ठेवला.

"आजोबा, पाच दिवस वही ठेवायची. तीन रकाने करा. पहिल्यात किती वाजता उठलात. दुसऱ्यात किती झाली, मोजून. आणि तिसऱ्यात जाग कशाने आली. लघवी लागली म्हणून उठलात, की आधीच जागे होतात आणि जागे झालोच आहोत तर जाऊन येऊ म्हणून गेलात?"

मास्तरांना बरं वाटलं. मापाच्या भाषेत बोलणारा माणूस त्यांना नेहमीच आवडायचा. जन्मभर दुसऱ्यांची छाती-कंबर मोजली, आता आपलं हेही मोजू. त्यांनी दुकानातल्या मापांच्या वहीसारखीच एक वही घेतली, पट्टीने रेघा ओढल्या आणि प्रामाणिकपणे आकडे लिहिले. मापात खोटं लिहिलं की कापड फसतं हे त्यांच्या हाडात मुरलेलं. फक्त तिसऱ्या रकान्यात ते रोज एक आडवी रेघ मारायचे.

पाच दिवसांनी डॉक्टरणीने वही वाचली. "पहिल्या वेळी दोनशे ऐंशी. ठीक. मग साठ. मग चाळीस, पन्नास, तीस, वीस. आजोबा, साखर नाही, इन्फेक्शन नाही. प्रोस्टेट वाढलीय, पण तुमच्या वयात वाढतेच, आणि इतकी नाही वाढलेली. एवढ्याशा लघवीने सहा-सहा वेळा झोप मोडावी असं मला इथे काही दिसत नाही. लघवीने झोप मोडते हे खरंय. पण झोप आधीच मोडलेली असली की जराशी लघवीही जाणवते, हेही तितकंच खरं. गाढ झोपेत असतात तर कळलंही नसतं. आधी काय आणि नंतर काय, ते मला तिसऱ्या रकान्यात कळणार होतं. तो तुम्ही रिकामा ठेवलात."

"आणि हे पाणी सोडून बसलेत त्याचं काय?" बायकोने संधी साधली.

"पाणी दिवसभर नीट प्यायचं. झोपायच्या आधी दोन-तीन तास आवरतं घ्यायचं, बस. कोरडं राहून चक्कर येऊन पडलात तर दुसरंच होऊन बसेल."

"म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" बायको म्हणाली.

डॉक्टरीण हसली. मग वही मिटत तिने सहज विचारलं, "कशाची काळजी आहे का, आजोबा? मन कुठे अडकलंय?"

"छे," मास्तर म्हणाले. एवढा चटकन नकार बायकोने बेचाळीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

त्या रात्री मास्तर एक चाळीसला जागे झाले. या वेळी ते लगेच उठले नाहीत. पडून राहिले आणि स्वतःला तपासलं, गिऱ्हाइकाच्या खांद्याचा उतार तपासावा तसं. ओटीपोट शांत होतं. कुठे काही लागलं नव्हतं. जागं कशाने केलं होतं ते डोळ्यांसमोर होतं: टेबलावर शेजारी शेजारी पडलेले दोन तुकडे आणि त्यांच्यावरून फिरणारा ब्रश. ते बघवेना म्हणून पायांना उठायचं होतं, आणि उठायला काहीतरी निमित्त हवं म्हणून लघवी लागत होती. मास्तर तरीही जाऊन आले. पन्नास झाली. वहीत लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदाच अक्षरं काढली: दोन्ही डावे. दोन पन्नासला पुन्हा तेच लिहिलं. पावणेचारला पुन्हा.

सकाळी बायकोने वही चाळली. "दोन्ही डावे म्हणजे काय हो? मूत्रपिंडं का?"

मास्तरांनी सांगितलं. खडू, पेंग, कात्री, सगळं सांगितलं. ब्रशपाशी अडखळले, पण तेही सांगितलं.

"आणि ती?"

"काजाला बसते."

"तीन आठवडे झाले?"

"चार होतील."

बायकोने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. "मागच्या साली माझा हात मोडला तेव्हा दोन महिने तिनेच रोज संध्याकाळी येऊन माझी वेणी घातली होती. घरी आजारी सासू असून. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग माझ्याकडे असे बघू नका. मी काही तुम्हाला मोकळं करू शकत नाही."

मास्तरांचा आवाज एकदम चढला. "सांगितलं की टेबल जाईल, कळतंय का तुला? मला पेन्शन नाही, पदवी नाही, शेतीवाडी नाही. लोक मला मास्तर म्हणतात ते त्या टेबलामुळे. ते गेलं की मी कोण? रात्री सहा वेळा मुतायला उठणारा म्हातारा!"

"तो तर तुम्ही टेबल असतानाही आहातच," बायको म्हणाली आणि आपली कपबशी उचलून आत गेली. मास्तरांचा चहा तसाच होता.

एवढं ऐकूनही मास्तरांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी बोलायचं ठरवून, वही खिशात घालून ते निघायचे आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की जीभ टाळ्याला चिकटायची. आता तर ते पाणीही नीट पीत होते. मागच्या खोलीच्या दारातून धाकटीची पाठ दिसायची. ती मान खाली घालून काजं करत असायची, एकसारखी, बारीक, अशी की बघत राहावी. ती मास्तरांशी पूर्वीइतकंच बोलायची, म्हणजे फारसं नाहीच. मास्तरांना वाटायचं, हिने एकदा तरी चार शब्द सुनवावेत. ती सुनवत नव्हती.

शुक्रवारी शिक्षिका आल्या. कापड बिघडल्याचं मालकांनी त्यांना फोनवर कळवलं होतं. भांडायला आल्या नव्हत्या. "निदान तुकडे तरी द्या," त्या म्हणाल्या. "त्यांनी हाताळलेलं आहे. मी ठेवीन."

मालक ओशाळले. ओशाळलेला माणूस चटकन दुसऱ्याला पुढे करतो. त्यांनी आत हाक मारली, "धाकटी, बाहेर ये. बाईंची माफी माग."

धाकटी आली. ओठात धरलेली सुई काढून तिने पदराच्या कडेला टोचली. "बाई, माफ करा. तुमचं कापड आमच्याकडून वाया गेलं."

"आमच्याकडून काय? तुझ्याकडून म्हण," मालक म्हणाले.

धाकटीने क्षणभर डोळे मिटले. बोलायला तोंड उघडलं.

"तिच्याकडून नाही," मास्तर म्हणाले. "माझ्याकडून."

आपलाच आवाज त्यांना कुणा परक्याचा वाटला. मालक आधी चकित झाले, मग हसले, मग त्यांचे डोळे ओले झाले. "बघितलंत, बाई? हे आमचे मास्तर. हाताखालच्या माणसाची चूक स्वतःवर घेतायत."

"अशी माणसं आता राहिली नाहीत," शिक्षिका म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांना चक्क नमस्कार केला.

आता आली का पंचाईत! खरं बोलावं तर देवमाणूस ठरतोय आणि ती पोरगी आणखीनच खाली जातेय. मास्तरांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. त्यांनी खिशातली वही काढली आणि टेबलावर आपटली. "वाचा."

मालकांनी वाचलं. "दोनशे ऐंशी, साठ, चाळीस... हे कुणाचं माप?"

"माझ्या लघवीचं."

मालकांनी वही हळूच खाली ठेवली. मागच्या दारात कारागिरांची डोकी जमली होती. मास्तरांना आता लाज उरली नव्हती. "वर्ष झालं, मी रात्री झोपत नाही. उठतो, जातो, येतो, पडतो. दुपारी इथे उभ्या उभ्या झोपतो. तुम्हाला वाटतं मी विचार करतोय. विचार कसला डोंबलाचा! हिने डावा भाग आखला तो बरोबर आखला. दुसरा मी झोपेत आखला आणि झोपेत कापला. नमुना पालथा केला नाही. पांढरा खडू माझा होता."

मग मालकांचा चेहरा पुन्हा मऊ झाला. "अहो मास्तर, मग आधी नाही का सांगायचं? हे तर आजारपण आहे. यात तुमची काय चूक? झोप नसल्यावर कुणाच्याही हातून..."

"आमच्या यजमानांचंही शेवटी असंच होतं," शिक्षिका हळहळून म्हणाल्या. "रात्र रात्र डोळ्याला डोळा नसायचा."

मास्तरांना फार बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा छाती हलकी झाली. सांगूनही झालं आणि वर लोक हळहळतायत. आजारपण, खरंच की. डॉक्टरांची वही आहे पुराव्याला. एवढ्यावर निभावतंय असं त्यांना वाटलं. हे वाटणं त्यांना पुढे कितीतरी दिवस बोचत राहिलं.

"माझी सासू रात्री पाच वेळा उठते, मास्तर," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"दीड वर्ष झालं. तिला एकटीला जाता येत नाही. मी उठते, तिला धरते, नेते, बसवते, पुसते, आणून झोपवते. डोळा लागतोय तोवर पुन्हा हाक येते. सकाळी नऊला मी इथे असते. मी एकच बाजू मारली होती आणि ती बरोबर मारली होती."

धाकटी मास्तरांकडे वळली.

"झोपेचं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "मला कळतं झोप नसणं म्हणजे काय. तुम्ही सांगाल म्हणून रोज वाट बघितली. पण एवढंच सांगा मास्तर, खडू चुकला तो झोपेत. ब्रशसुद्धा झोपेत फिरवलात का?"

मास्तरांनी मालकांकडे बघितलं नाही, शिक्षिकेकडे बघितलं नाही. बोलणं कठीण होतं, पण पळायला आता जागा नव्हती. "नाही," ते म्हणाले. "ब्रश फिरवला तेव्हा मी पूर्ण जागा होतो."

मालकांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी, मास्तरांकडे असं कधी बघितलं नव्हतं. मास्तरांनी आपली कात्री उचलली, दोन्ही हातांनी, आणि धाकटीपुढे धरली. त्यांना वाटलं होतं, या क्षणाला हेच शोभेल.

"ती डाव्या हाताची आहे," धाकटी म्हणाली. "मला काय उपयोग? मला माझं टेबल द्या."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि ते टेबलापासून बाजूला झाले.

धाकटीने खण उघडला. निळा खडू तिथेच होता. तिने फळीवरचे दोन तुकडे आणि उरलेलं कापड काढलं, पसरलं, टेप लावला, बोटांनी रेघ जुळवून पाहिली. मग शिक्षिकेला म्हणाली, "बाई, कोट आता होणार नाही. पण पाठ आणि बाह्या अजून कापलेल्या नाहीत. त्यातून उजवा भाग निघतो. पाठीला अस्तर लावून जाकीट करून देते, बिनबाह्यांचं. मुलगा कोटाच्या आतून घालेल. छातीवर तर हेच कापड येईल."

शिक्षिका बराच वेळ कापडावर हात फिरवत राहिल्या. "कर," त्या म्हणाल्या. "पण तूच कर."

मालकांनी मास्तरांना जा म्हटलं नाही, थांबाही म्हटलं नाही. गल्ल्यामागे जाऊन ते कुठलेतरी कागद चाळत बसले. मास्तर थोडा वेळ मधल्या जागेत उभे राहिले. मग मागच्या खोलीत गेले. धाकटीच्या स्टुलावर अर्धवट काजांचा एक सदरा पडला होता. ते बसले, सुई उचलली आणि दोरा ओवायला लागले. तीनदा हुकला, चौथ्यांदा गेला. समोरच्या दारातून टेबल दिसत होतं. धाकटीने नमुना पालथा केला, ठेवला, उचलून पुन्हा एकदा तपासला आणि मगच आखलं.

रात्री जेवताना मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." जरा थांबून म्हणाली, "उशिरा केलंत." दोन्ही खरं होतं.

मास्तर आडवे झाले आणि झोप कधी लागली ते त्यांना कळलंही नाही. जाग आली तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ओटीपोट टच्च भरलं होतं, या वेळी शंकेला जागा नव्हती. पलंगाची कड, कपाटाची मूठ, दाराची चौकट. मगात तीनशे दहा झाली.

"कितव्यांदा?" बायकोने झोपेत विचारलं.

"पहिल्यांदा. झोप."

त्यांनी दिवा लावून वही उघडली. वेळ लिहिली, माप लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: लघवी. आता निवांत झोपायला हरकत नव्हती. पण वही मिटताना त्यांना वाटलं, या वेळेला धाकटीही उठली असेल. अंधारात सासूचं निम्मं अंग पेलत एकेक पाऊल टाकत असेल. दीड वर्षांच्या तिच्या रात्री कुठल्याच वहीत नव्हत्या, आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं हे तिला कुणी विचारलंही नव्हतं. मास्तर दिवा न मालवता बराच वेळ बसून राहिले.